कळण्याची भाकरी आणि प्रमाण ग्रेव्ही

पुण्यात कर्वेनगर-वारज्याकडे, किंवा नदीपलीकडे पिंपरी-चिंचवडला, संध्याकाळी सात-साडेसातला पायी फिरले तर ‘खानदेशी’ हा शब्द दोन-तीन पाट्यांवर तरी भेटतो. पाटी लाल, अक्षरे पिवळी, बाजूला मिरचीचे नाहीतर वांग्याचे चित्र. आत आठ-दहा टेबले, भिंतीवर पंखे, गल्ल्यामागे मालक. अशाच एका ठिकाणी महिन्यातून दोनदा तरी जाऊन बसण्याची आमची बरीच जुनी सवय आहे. आम्ही मूळचे नरडाण्याच्या बाजूचे, म्हणजे धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातले. पोटापाण्यासाठी पुण्यात आलो आणि मराठी शिकवू लागलो. तेव्हा जेवणाची पाटी वाचतानाही ऱ्हस्वदीर्घ पाहण्याची खोड आम्हांस लागलेली आहे, ती वाचकांनी माफ करावी. खालील मजकुराचे निमित्तही ही खोडच आहे.

गेल्या हिवाळ्यात त्या हॉटेलाचे नूतनीकरण झाले. (‘हॉटेल’ म्हणजे जिथे राहतात ते, हा अर्थ मराठीने कधी मनावर घेतला नाही, आम्हीही घेत नाही.) भिंतीला शेणाच्या सारवणासारखा दिसणारा रंग दिला, कोपऱ्यात एक जाते ठेवले आणि समोरच्या भिंतीवर बहिणाबाई चौधरींची एक ओळ मोठ्या अक्षरांत रंगवून घेतली. ओळ कोणती ते सांगायला नको, खानदेशी जेवणाच्या भिंतीवर कोणती ओळ येणार हे शाळकरी मुलेही सांगतील. आम्ही ती सवयीने वाचली आणि घास हातात राहिला. ओळीतल्या चतुर्थीच्या ‘ले’चा कुणीतरी ‘ला’ केला होता. रंगाऱ्याने केला, मालकाने सांगितला, की छापखान्यातल्या मुलाने मोबाइलवर टंकताना आपोआप सुधारला गेला, कळायला मार्ग नव्हता. मालकाला विचारले तर तो म्हणाला, “सर, गिऱ्हाइकाला चूक वाटायला नको.”

बहिणाबाईंचा जन्म १८८० चा, मृत्यू १९५१ चा, आणि ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह निघाले १९५२ साली. त्याच वर्षी साहित्य संमेलन अमळनेरला भरले होते आणि अध्यक्षस्थानी होते ‘मराठी व्युत्पत्तिकोशा’चे कर्ते कृ. पां. कुलकर्णी. नरडाण्याहून अमळनेर रेल्वेने अगदी जवळ. म्हणजे ज्या वर्षी प्रमाण मराठीचा एक मोठा जाणकार खानदेशात येऊन बोलला, त्याच वर्षी खानदेशच्या एका निरक्षर बाईने प्रमाण मराठीला ‘ले’ वाचायला लावले. त्यानंतर सत्तर वर्षे क्रमिक पुस्तकांनी, संमेलनांनी, प्रबंधांनी तो ‘ले’ जपला. आता विद्यापीठालाही बहिणाबाईंचे नाव आहे. १९९० साली स्थापन झालेले उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ २०१८ पासून त्यांच्या नावाने ओळखले जाते. आणि एवढे सगळे झाल्यावर शेवभाजीच्या टेबलासमोर तो ‘ले’ चूक ठरला. घटना किरकोळ आहे. परंतु आमच्या मते तिच्यात शहर, जेवण आणि भाषा यांचे एक नाते उघडे पडते आणि ते मराठीच्या विद्यार्थ्यांनी पाहण्यासारखे आहे.

जिभेला दोन कामे असतात, चव घेणे आणि बोलणे. शहराने आमच्या जिभेचे पहिले काम मोठ्या कौतुकाने उचलले आणि दुसरे दाराबाहेर ठेवले. आमचे म्हणणे एवढेच आहे. पण ते नुसते हॉटेलवाल्यांना ऐकवण्यात अर्थ नाही, कारण मराठी समीक्षेनेही खानदेशच्या बाबतीत हेच केले आहे, आणि तेही हॉटेले निघण्याच्या कितीतरी आधी.

शहरातले बाहेरचे जेवण नेहमीच असे मुके होते असे नाही. मुंबईच्या गिरणगावातल्या खाणावळी आठवाव्यात. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार ज्या बाईकडे महिन्याच्या हिशेबाने जेवत, ती बाई बहुधा त्यांच्याच मुलखातली असे. ताटातली आमटी आणि ताटावरचे बोलणे एकाच गावचे असे. अशाच खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. तिथे जेवणाला ‘अमुक प्रांताचे’ असे नाव देण्याची गरज नव्हती, कारण खाणाराला ते ठाऊकच होते. प्रांताचे नाव पाटीवर येते ते खाणारा परका झाल्यावर. इराण्याचे उपाहारगृह वेगळे. तिथे मालकाची भाषा गिऱ्हाइकाला येत नसे आणि गिऱ्हाइकाची मालकाला बेताची येत असे, तरी दोघांनी मिळून एक मोडकी मुंबई हिंदी चालवली आणि तीत कुणीच कुणाला सुधारले नाही. आमच्या साहित्यिकांना इराणी आवडला त्याचे एक कारण कदाचित हेही असेल. चहाच्या एका कपावर दोन तास बसू देतो, हे दुसरे आणि बहुधा खरे कारण. अरुण कोलटकर काळा घोड्याच्या ‘वेसाइड इन’मध्ये वर्षानुवर्षे बसत आणि खिडकीतून दिसलेला रस्ता त्यांच्या २००४ च्या ‘काळा घोडा पोएम्स’मध्ये आला, हे सर्वश्रुत आहे. मात्र मराठी साहित्यातले उपाहारगृह बहुतेक वेळा बसणाऱ्याचे असते, आणून देणाऱ्याचे क्वचित. टेबलाशी उभा असलेला पोऱ्या कोणत्या गावचा, घरी काय बोलतो, हे विचारण्याइतका वेळ दोन तास बसूनही आमच्या लेखकांना सहसा मिळालेला नाही.

खानदेशातून पुण्याला आलेल्या मुलाची गोष्ट मराठीत आहे, आणि ती सर्वांनी वाचलेली आहे. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ सालची. पांडुरंग सांगवीकर सांगवीहून पुण्यात येतो, आणि वसतिगृह, मेस, हॉटेल या त्याच्या शहराच्या पहिल्या खुणा असतात. पण त्या पुण्यात ‘खानदेशी’ अशी पाटी नव्हती. तिथे आलेल्या मुलाला आपले जेवण विसरावे लागे आणि आपली बोलीही. दोन्ही एकदमच, म्हणून फसवणूक तरी नव्हती. आजच्या मुलाची अवस्था चमत्कारिक आहे. त्याचे जेवण सन्मानाने टेबलावर आहे. ‘भरीत मागवू या’ असे त्याचा कोल्हापूरचा मित्रच त्याला सांगतो. आणि तो स्वतः त्याच टेबलावर बसून ‘शे’ म्हणायचे टाळतो.

आता भोजनपत्रिका उघडू. (‘मेनूकार्ड’ म्हणायला आमची हरकत नाही.) अस्सल, गावरान, झणझणीत, रांगडी चव, मातीचा गंध, ठसका. हे शब्द आम्ही याआधी कुठे वाचले होते, याचा विचार करता करता आमची फौजदारी डाळ निवली. बोलीत लिहिलेल्या कादंबऱ्यांच्या परीक्षणांत वाचले होते. रविवारच्या पुरवणीत, नियतकालिकांच्या परामर्श-सदरात, विद्यार्थ्यांच्या प्रबंधिकांत, आणि आमच्याच जुन्या टिपणांतही. ‘लेखकाने अस्सल गावरान भाषेचा ठसका...’ हे वाक्य पुढे कसे जाते ते वाचकच पूर्ण करू शकतील. बोलीतल्या वाङ्मयासाठी आणि तिखट भाजीसाठी मराठीने एकच विशेषणसंग्रह ठेवावा, ही योगायोगाची गोष्ट नाही. दोन्ही ठिकाणी वाचणारा किंवा खाणारा दुसऱ्या घरचा आहे असे गृहीत आहे, आणि त्याने चाखून पाहायचे आहे. चाखणारा मुक्कामाला राहत नाही. कुणी कधी प्रमाण मराठीतल्या कादंबरीविषयी ‘अस्सल सदाशिवपेठी चव’ असे कौतुकाने लिहिले आहे काय? लिहिलेच तर ते टोमण्यासाठी.

शहरातल्या स्वयंपाकघराची रीत ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे लगेच कळेल. सकाळी दोन-तीन मोठ्या पातेल्यांत ग्रेव्ह्या तयार होतात, लाल, पिवळी, कधी पांढरी. दिवसभर जी मागणी येईल ती याच ग्रेव्हीवर भागते. काळा मसाला घातला की खानदेशी, खोबरे वाढवले की मालवणी, तांबडा-पांढरा रस्सा वाट्यांत ओतला की कोल्हापुरी. पाया एक, वरची फोडणी वेगळी. ग्रामीण म्हटल्या जाणाऱ्या मराठी कथा-कादंबरीची घडण पुष्कळदा हीच आहे. निवेदन प्रमाण, संवाद बोलीत. उद्धव शेळक्यांची ‘धग’ (१९६०) ही थोर कादंबरी. तिच्यातली वऱ्हाडी अजून कानात राहते. पण तिथेही सांगणाऱ्याची भाषा प्रमाण आहे आणि वऱ्हाडी पात्रांच्या तोंडी आहे. ‘धग’ फोडणीपुरती आहे असे आम्ही म्हणत नाही, तसे म्हणणे अज्ञानाचे होईल. तिच्या मागून जे आले त्यांनी मात्र सोय पाहिली आणि पातेले तेच ठेवले. आनंद यादवांनी ‘गोतावळा’त (१९७१) निवेदनच बोलीला दिले, तेव्हा वाचकांना आधी अवघड गेले, कारण आता पायाच वेगळा होता. अहिराणीपुरते बोलायचे तर असा पाया घालणारे गद्य मराठी वाचकाच्या हाती पुरेसे पडलेले नाही. ते लिहिलेच गेले नाही असे नव्हे. सुधीर देवरे यांनी अहिराणीत ‘ढोल’ नावाचे नियतकालिक चालवले. पण ‘ढोल’ आमच्या किती विभागांच्या ग्रंथालयांत होते? आणि शेवभाजी किती विभागप्रमुखांनी खाल्ली आहे?

शब्दांचे मात्र हॉटेलात काहीतरी विलक्षण घडते, आणि तिथे आम्हांला थोडे थांबावेसे वाटते. ‘कळणा’ घ्या. आमच्याकडे ज्वारीत अख्खे उडीद मिसळून मीठ घालून दळतात, त्या पिठाला कळणा म्हणतात. त्याची भाकरी जाड, काळसर, खरपूस होते आणि भरिताबरोबर किंवा नुसत्या ठेच्याबरोबर जाते. प्रमाण मराठीत मात्र ‘कळणाकोंडा’ म्हणजे डाळीचा चुरा आणि धान्याचा भुसा, दरिद्र्याचे अन्न. कथा-कीर्तनांतला गरीब माणूस कळणाकोंडा खाऊनच दिवस काढतो. आता तीच कळण्याची भाकरी आमच्या हॉटेलात साध्या भाकरीच्या दुपटीने पैसे घेते आणि तिच्यापुढे ‘खास’ अशी चांदणी काढलेली असते. ‘मांडे’ याच्या उलट. मनातले मांडे खाणारे आम्ही सगळेच आहोत; ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मुक्ताबाईने मांडे भाजल्याची आख्यायिका लहानपणीच ऐकलेली आहे. पण उपड्या खापरावर, दोन्ही हातांवर झुलवत वाढवलेला, रुमालाएवढा पातळ पुरणाचा मांडा डोळ्यांनी पाहिलेला विद्यार्थी वर्गात विचारला तर एखादाच निघतो, आणि तो बहुधा आमच्याकडचा असतो. एक शब्द दारिद्र्यातून श्रीमंतीत गेला, दुसरा श्रीमंतीतून वाक्प्रचारात जाऊन बसला. ‘कोंड्याचा मांडा करून खाणे’ ही म्हण या दोघांना एका ओळीत आणते, आणि आमच्या हॉटेलाने नेमके तेच करून दाखवले आहे, नफ्यासहित. यात हॉटेलाची थट्टा नाही. शब्दांना पुन्हा वस्तू मिळवून देणे हे काम शब्दकोशही करू शकत नाही. अभ्यासक्रमात असे एखादे जेवण ठेवता आले असते तर बरे झाले असते, परंतु परीक्षा कशी घ्यायची हा प्रश्न अभ्यासमंडळात निघेल. असो.

‘अस्सल’ या शब्दाचाही हिशेब करायला हवा, आणि त्यासाठी नरडाण्यालाच गेले पाहिजे. नरडाणा दोन वाटांवर आहे. एक मुंबई-आग्रा रस्ता, ज्याला आमच्या लहानपणी तीन नंबर म्हणत आणि २०१० च्या फेरक्रमांकानंतर धुळ्यापासून पुढे इंदूरकडे जाणारा भाग आता बावन्न क्रमांकाचा झाला आहे. तो सोनगीरहून येतो आणि तापी ओलांडून शिरपूरकडे जातो. दुसरी वाट सुरत-भुसावळ रेल्वेची. या रस्त्याकडेच्या ढाब्यांवर आम्ही लहानपणी जे खाल्ले, त्यातले ‘खानदेशी’ किती? तंदूर होता, दाल तडका होता, ट्रकवाल्यांसाठी खाटा होत्या, आणि भाषा हिंदी होती. शेवभाजी होती, हे खरे. जाड तिखट शेव, ती शेवटी तर्रीत टाकायची म्हणजे विरघळून लापशी होत नाही, हे ज्ञान आम्हांला तिथेच झाले. घरी शेवभाजी व्हायची ती अवचित पाहुणा आला आणि घरात भाजी नसली की. म्हणजे घरातला अडीनडीचा पदार्थ ढाब्यावर ट्रकवाल्यांच्या भुकेने मोठा झाला आणि पुण्यात येऊन खानदेशचा राजदूत ठरला. आता नरडाण्याला औद्योगिक वसाहत आहे, बाहेरून आलेले कामगार आहेत, आणि ढाब्यांवर मागणी चायनीजचीही आहे. गावाकडचा ढाबा अस्सल आणि शहरातले हॉटेल नक्कल, असा भाबडा दावा आम्ही करीत नाही. अन्न नेहमी रस्त्यानेच वाढते. भाषाही रस्त्यानेच वाढते, आणि अहिराणी तर मराठी-गुजराती-हिंदीच्या वाटेवरच उभी आहे. तिचा षष्ठीचा ‘ना-नी-नं’ ऐकून गुजराती माणूस कान टवकारतो. ग्रिअर्सनने खानदेशी मराठीच्या खंडात घातली नाही. १९०७ साली निघालेल्या भिल्ल भाषांच्या भागात तिला जागा दिली. तो चुकला की बरोबर होता, हा वाद आमच्याकडे अजून चहाबरोबर चालतो.

रेल्वेची वाट धरली तर चित्र पालटते. नरडाण्याहून पश्चिमेकडे शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर, आणि मग उधना-सुरत. आमच्या पिढीतले निम्मे वर्गमित्र या गाडीने गेले, कापडाच्या धंद्यात, मागावर, मिळेल त्या कामाला. सुरतेत लिंबायत, उधना या भागांत खानदेशी वस्ती एवढी दाट आहे की आम्ही तिथे गेलो तेव्हा संध्याकाळी गाडीवर वडापाव घेताना आजूबाजूला सगळी अहिराणीच ऐकू आली. गाडीवाला अहिराणीत बोलत होता, गिऱ्हाईक अहिराणीत घासाघीस करीत होते, आणि शेजारचा गुजराती दुकानदार गरजेपुरती शिकला होता. पाटीवर ‘खानदेशी’ लिहिलेले नव्हते. आम्ही यावर पुष्कळ विचार केला. सुरतेत आमच्या बोलीला लाज वाटत नाही, कारण तिथे तिला सुधारणारे कुणी नाही. समोर गुजराती आहे, ती परकी भाषा आहे, आणि परक्या भाषेपुढे माणूस अडाणी ठरत नाही, फक्त परका ठरतो. पुण्यात समोर प्रमाण मराठी आहे, तिला आम्ही आईच म्हणतो, आणि आईसमोर मूल चुकीचे बोलते असेच म्हटले जाते. बोलीला परमुलुखात मिळालेली मोकळीक स्वतःच्या राज्यात मिळू नये, याची खंत संमेलनांच्या ठरावांत आम्ही अजून वाचलेली नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत संमेलन पुन्हा अमळनेरला भरले आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मराठी अभिजात झाली. आनंद आम्हांलाही झाला.

आकडे पाहावेत. २००१ च्या जनगणनेत खानदेशी ही मातृभाषा म्हणून सांगणारे सुमारे २० लाख ७५ हजार होते. २०११ मध्ये ते सुमारे १८ लाख ६० हजार राहिले. लोकसंख्या वाढत असताना दोन लाखांहून अधिक माणसे कमी झाली. ती मेली नाहीत. त्यांतल्या पुष्कळांनी दारात आलेल्या प्रगणकाला ‘मराठी’ असे सांगितले असणार, जसे आम्हीही सांगितले. जनगणनेचा आकडा बोलण्याचा नसतो, कबुलीचा असतो. याच काळात, आणि त्यानंतर अधिकच, ‘खानदेशी’ पाट्या शहरांतून वाढत गेल्या हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. २०१६ साली जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाले; त्याचे नाव आता कायद्याने राखले जाते. पऱ्हाट्यांवर भाजून लाकडी बडगीत ठेचलेल्या त्या भरितासाठी आम्हीही हिवाळ्याची वाट पाहतो, तेव्हा मानांकनाविषयी कुरकुर करणे कृतघ्नपणाचे होईल.

असे फक्त आपल्याकडेच होते असेही नाही. ब्रिटनमधली ‘इंडियन’ म्हणवणारी उपाहारगृहे पुष्कळशी सिल्हेटहून गेलेल्या लोकांनी चालवली. पाटीवर भारत, ताटात उत्तर हिंदुस्थानी वाटावे असे काही, आणि स्वयंपाकघरात सिल्हेटी. ती भाषा पाटीवर कधी आली नाही. अर्जुन अप्पादुराई यांनी १९८८ च्या त्यांच्या प्रसिद्ध निबंधात दाखवले की भारताचे ‘राष्ट्रीय’ जेवण इंग्रजी पाकपुस्तकांतून, शहरी मध्यमवर्गाच्या स्वयंपाकघरात घडत गेले आणि त्यासाठी प्रांतोप्रांतीच्या जेवणांना आपापली ठरावीक ओळख घ्यावी लागली. ‘खानदेशी थाळी’ हे त्याच घडणीचे मराठी रूप. थाळीत मावते ते खानदेश. जे मावत नाही त्याचे काय? शिरपूरच्या वरच्या अंगाला सातपुड्यात पावरा आणि भिल्ल वस्त्या आहेत. त्यांचे जेवण आम्ही कोणत्याही ‘खानदेशी’ पत्रिकेत पाहिलेले नाही. गावकुसाबाहेरचे जेवणही नाही. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ने (२०१५) मराठवाड्याच्या बाबतीत ही रिकामी जागा दाखवली, खानदेशसाठी तसे पुस्तक कुणी लिहील तर आमच्या या लेखातले ‘आम्ही’ किती अरुंद आहे तेही दिसेल. बहिणाबाईंची भाषा ‘अहिराणी’ असे सर्रास छापले जाते. ती लेवा समाजाची पूर्व खानदेशी बोली. आमच्या घरची अहिराणी वेगळी. शहराला ‘खानदेश’ एकच पुरतो, पण खानदेशातही ‘आमची’ आणि ‘त्यांची’ पुष्कळ आहेत.

कुणी म्हणेल, हॉटेलवाल्याने भाषा का सांभाळावी? त्याने जेवण चांगले द्यावे. हे आम्हांला मान्य आहे. एवढेच नव्हे, आम्ही त्याचे ऋणी आहोत. आम्ही विद्यार्थी असताना गावाकडून आलेला डबा खोलीत दार लावून उघडत असू, कारण तेलाचा आणि काळ्या मसाल्याचा वास मित्रांना सोसत नसे. त्या वासाला आज रांग लागते. ही गोष्ट एखाद्या परिसंवादाने झालेली नाही, कर्ज काढून जागा भाड्याने घेणाऱ्या माणसांनी केलेली आहे. ‘ले’चा ‘ला’ केला म्हणून त्याला दोष देणाऱ्याने आधी स्वतःच्या उत्तरपत्रिका काढाव्यात. आम्ही काढल्या. एका विद्यार्थिनीने निबंधात ‘मले वाटते’ लिहिले होते, आणि ‘ले’भोवती लाल गोल आमच्याच हाताचा होता. शेजारी अर्धा गुण वजा. तिने बहिणाबाईंवरचा प्रश्न त्याच उत्तरपत्रिकेत सोडवला होता आणि बोलीच्या सौंदर्याविषयी, प्रमाण भाषेत, सुरेख लिहिले होते. त्याला आम्ही पूर्ण गुण दिले होते.

त्या संध्याकाळी, भिंतीवरची ओळ पाहून झाल्यावर, पाणी आणून ठेवणाऱ्या मुलाला आम्ही अहिराणीत भाकरी मागितली. उगाच, भिंतीच्या रागाने. त्याने आमच्याकडे पाहिले, गल्ल्याकडे पाहिले, आणि म्हणाला, “सर, कळण्याची की साधी?” शुद्ध मराठीत, इतक्या शुद्ध की ‘ण’ मुद्दाम घोटलेला कळत होता. आम्हीही मग शुद्ध मराठीत “कळण्याची” म्हणालो. जेवण झाले. हात धुवायला मागच्या बाजूच्या बेसिनपाशी गेलो तर तो तिथे ताटे घेऊन उभा होता. इकडेतिकडे कुणी नाही असे पाहून त्याने हळूच विचारले, “तुम्हनं गाव कोनतं?” आम्ही नरडाणा म्हणालो. त्याचे गाव आमच्यापासून दोन स्टेशनांवर निघाले. मग नळ चालू ठेवून, पाण्याच्या आवाजात, आम्ही दोघे पाच मिनिटे बोललो. पाऊस, कापूस, त्याच्या बहिणीचे लग्न, सुरतेला गेलेला भाऊ. मालकाने हाक मारली तसा तो “आलो” म्हणून गेला.

बिल घेऊन दुसराच कुणी आला. आम्ही पैसे दिले, बडीशेप घेतली, आणि जाताना गल्ल्यापाशी थांबून मालकाला सांगितले की भिंतीवर ‘ले’ हवा. तो बघतो म्हणाला. पुढच्या वेळी गेलो तेव्हा ‘ला’ तसाच होता, आणि आम्हीही भाकरी मराठीतच मागितली.